अर्बुदाचा आभास : आतड्याचा क्षयरोग

प्रस्तावना

कल्याण येथे १८६५ साली जन्मलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी यांचे १८८७ मध्ये क्षयाने अकाली निधन झाले. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयजंतू शोधला होता. गुणकारी औषध मात्र नव्हते. आज औषध आहे, तरीही ठाणे व कल्याण-डोंबिवलीच्या दाट वस्तीत क्षय टिकून आहे. तो केवळ फुप्फुसांचा रोग होय, हा समज अपुरा आहे. आतड्यात तो कधी कर्करोगाच्या गाठीचे रूप घेतो. प्रस्तुत लेखात या अर्बुदसदृश विकृतीचा परिचय करून दिला आहे.

स्वरूप

लहान आतडे मोठ्या आतड्यास मिळते तेथे अन्नरस अधिक काळ रेंगाळतो आणि लसीका ऊतकही विपुल असते. त्यामुळे आतड्याच्या क्षयाचे हे प्रमुख स्थान ठरते. या रोगाचे व्रणयुक्त, अतिवृद्धियुक्त व मिश्र असे तीन प्रकार मानले जातात. अतिवृद्धियुक्त प्रकारात आतड्याची भित्ती जाड होते, पोकळी अरुंद होते आणि पोटाच्या खालच्या उजव्या भागात गाठ हाताला लागते. पोटदुखी, वजनातील घट व रक्तक्षय ही लक्षणे कर्करोगातही आढळतात.

निदान

छातीचे क्ष-किरण चित्र निर्दोष असले म्हणून हा रोग नाकारता येत नाही. कोलोनोस्कोपीने घेतलेल्या ऊतकात मध्यभागी पनीरासारखा नाश झालेले ग्रॅन्युलोमा दिसल्यास क्षयाला बळकट पुष्टी मिळते. तथापि जंतू विरळ असतात व ग्रॅन्युलोमा पुष्कळदा खोल थरात असतात. म्हणून अनेक ठिकाणचे नमुने घेऊन सूक्ष्मदर्शकीय तपासणीबरोबर जंतुसंवर्धन व जनुकीय चाचणीही करावी लागते.

चुकीच्या निदानाचे परिणाम

क्षयाला कर्करोग समजल्यास टाळता येण्याजोगी शस्त्रक्रिया होते. कर्करोगाला क्षय समजल्यास मोलाचे महिने वाया जातात. क्रोन रोग समजून स्टेरॉइड दिल्यास क्षय बळावतो. योग्य निदान झाल्यास सामान्यतः सहा महिन्यांच्या औषधांनी रोग बरा होतो. अडथळा वा छिद्र यांसारख्या गुंतागुंतीतच शस्त्रक्रियेची गरज भासते. राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात ही औषधे मोफत मिळतात.

समारोप

प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. पण ती कर्करोगाची नाही, हेही पुराव्याशिवाय म्हणता येत नाही. एखादा विद्यार्थी दीर्घकाळ पोटदुखीने गैरहजर राहत असेल, खंगत असेल, तर ‘ॲसिडिटी’ म्हणून दुर्लक्ष न करता त्यास वेळीच तपासणीस पाठविणे, एवढे प्राध्यापकाच्या हाती निश्चितच आहे.