‘फिगर ऑन’ : पाऊस धरून चालताना

जूनच्या ७-८ तारखेला मृग लागतो. यवतमाळच्या काळ्या रानात वखरणी आटोपलेली असते, सरकीची पाकिटं घरात येऊन पडलेली असतात आणि शेतकरी म्हणतो, ‘पंधरा तारखेपर्यंत पाऊस धरून चालू.’ या ‘धरून चालण्या’साठी इंग्रजीत एक चपखल क्रियापद आहे : ‘फिगर ऑन’. ते बोलण्यातलं आहे आणि जास्त करून अमेरिकेत ऐकू येतं.

‘फिगर’ म्हणजे आकडा, आणि क्रियापद म्हणून आकडेमोड करणं. ज्या गोष्टीवर हिशेब बेतला, ती ‘ऑन’च्या पुढे येते. त्यातून दोन अर्थ निघाले : अमुक होईल असं धरणं आणि अमुक करायचा बेत ठेवणं.

‘ऑन’नंतर सरळ नाम चालतं. ‘वी फिगर्ड ऑन टेन पिकर्स’ म्हणजे कापूस वेचणीला दहा बाया येतील असं धरलं होतं. कृती सांगायची असेल, तर क्रियापदाला ‘इंग’ लागतो : ‘वी फिगर ऑन सोइंग नेक्स्ट वीक’, पुढच्या आठवड्यात पेरायचा बेत आहे. ‘पेरायचा’ मनात असल्यामुळे आपल्या तोंडी ‘टू सो’ येतं. इथे ते चुकतं. कृती दुसऱ्याची असेल, तर कर्ता मध्ये घाला : ‘वी फिगर्ड ऑन द रेन कमिंग अर्ली.’

हे क्रियापद नकारात फार कामी येतं. पेरलं, उगवलं आणि पावसाने खंड दिला. कोंब करपले, दुबार पेरणी आली. तेव्हाचं वाक्य : ‘वी हॅडन्ट फिगर्ड ऑन अ ड्राय स्पेल.’ खंड हिशेबातच नव्हता.

दोन भावंडांशी मात्र गल्लत नको. ‘फिगर आउट’ म्हणजे विचार करून उलगडा करणं. ‘काउंट ऑन’ म्हणजे भरवसा ठेवणं.

कपाशी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच पेरा, असं कृषी विभाग सांगतो. पहिल्याच सरीवर पेरणारा पावसावर ‘काउंट’ करतो. तेवढी ओल होईपर्यंत थांबून, वर सरकीचं एक पाकीट दुबारीसाठी बाजूला ठेवणाऱ्याने खंडही ‘फिगर ऑन’ केलेला असतो.