चिपाडापासून सक्रिय कार्बन

साखर कारखान्यात गाळलेल्या उसाच्या वजनापैकी साधारण 28 ते 30 टक्के चोथा उरतो. कारखान्याच्या भाषेत हा बगॅस. त्यात जवळपास निम्मे पाणी असते. बाकी मुख्यतः सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन. या कार्बनयुक्त तंतूंपासून सांडपाण्यातला रंग आणि विषारी द्रव्ये धरून ठेवणारा सक्रिय कार्बन बनवता येतो.

साध्या कोळशाहून तो वेगळा ठरतो तो रंध्रांमुळे. चांगल्या प्रतीच्या एका ग्रॅमला 500 ते 1,500 चौरस मीटर पृष्ठभाग असतो, आणि तो जवळजवळ सगळा आतल्या रंध्रांच्या भिंतींचा. दूषित द्रव्याचे रेणू या भिंतींना चिकटतात, हेच पृष्ठशोषण. फिनॉलसारखा लहान रेणू 2 नॅनोमीटरहून अरुंद सूक्ष्मरंध्रांत मावतो. कापडरंगांच्या थोराड रेणूंना मात्र 2 ते 50 नॅनोमीटरची मध्यरंध्रे लागतात. नुसता क्षेत्रफळाचा आकडा पाहून कार्बन निवडणारा म्हणूनच फसतो.

वाफेच्या पद्धतीत वाळवलेला बगॅस आधी हवाबंद भट्टीत 400 ते 600 अंश सेल्सिअसला भाजतात. वायू आणि डांबरी बाष्पे निघून जातात, कोळसा उरतो, पण त्याची रंध्रे डांबराने बुजलेली असतात. मग 800 ते 900 अंशांना त्यावरून वाफ सोडतात. वाफेशी अभिक्रिया होऊन कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन बाहेर पडतात व कोळसा आतून कोरला जातो. कोरणे अति झाले तर भिंतीच ढासळतात. दुसऱ्या पद्धतीत बगॅस फॉस्फोरिक आम्लात भिजवून सुमारे 500 अंशांना तापवतात. तापमान कमी, उतारा जास्त. पण आम्ल धुऊन काढावे लागते आणि ते पाणी म्हणजे पुन्हा सांडपाणीच.

एक ग्रॅम कार्बन किती मिलिग्रॅम आयोडीन धरतो, त्यावरून त्याची प्रत ठरवतात. हा आयोडीन अंक प्रामुख्याने सूक्ष्मरंध्रांबद्दल सांगतो. रंगाच्या कामासाठी मिथिलीन ब्ल्यूची चाचणी अधिक उपयोगी.

करवंटीच्या कार्बनाचे दाणे कठीण असतात. बगॅसचा कार्बन हलका, ठिसूळ आणि बहुधा भुकटीच्या रूपात. तो टाकीत ढवळून नंतर गाळून काढावा लागतो.

इचलकरंजी परिसरात कापड प्रक्रिया उद्योग आणि साखर कारखाने जवळजवळ आहेत, त्यामुळे कच्चा माल आणि गरज यांचे अंतर तिथे थोडे. रिॲक्टिव्ह रंग नेहमीच्या जैविक प्रक्रियेला फारशी दाद देत नाहीत. कार्बनाची पाळी त्या प्रक्रियेनंतर, बहुधा वाळूच्या गाळणीपाठोपाठ येते. आधीच वापरला तर इतर सेंद्रिय घाण रंध्रे अडवून बसते. रंगाईत वापरलेले मीठ मात्र तो काढत नाही. पाणी स्वच्छ दिसते, पण खारेच राहते.

बगॅसला टाकाऊ म्हणणेही तितकेसे खरे नाही. सहवीजनिर्मितीत तो इंधन आहे, आणि कारखाना तो फुकट देणार नाही. खरा टाकाऊ माल म्हणजे बॉयलरची उडती राख. तिच्यात न जळलेला कार्बन शिल्लक असतो, आणि रुरकीच्या संशोधकांनी रंग व जड धातू काढण्यासाठी तिचा अभ्यास केला आहे. सिलिकामुळे तिची क्षमता कमी भरते, पण स्वस्ताईपुढे तो दोष चालून जातो.

भरलेला दाणेदार कार्बन सुमारे 800 अंशांना तापवून पुन्हा वापरता येतो. दर फेरीत साधारण 5 ते 10 टक्के माल घटतो. भुकटीबाबत हे सहसा परवडत नाही. ती गाळाबरोबर बाहेर पडते, आणि त्यात विषारी द्रव्ये असली तर तिची रवानगी घातक कचऱ्याच्या भरावात किंवा सिमेंटच्या भट्टीत करावी लागते.