टाकीतलं लाल 'शेवाळ'

खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय घरी ठेवणारे हौशी लोक मला हमखास विचारतात : वाळूवर, दगडांवर लालसर बुळबुळीत साय धरते. काढली तरी चार दिवसांत परत येते. औषध कोणतं घालू?

मी आधी सांगतो, हे शेवाळ नव्हेच. हे सायनोबॅक्टेरिया, म्हणजे उन्हावर-दिव्यावर स्वतःचं अन्न तयार करणारे जिवाणू. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत प्राणवायू साठू लागला तो यांच्याच पूर्वजांमुळे. लाल रंग फायकोएरिथ्रिन या रंगद्रव्याचा.

जिवाणू असल्यामुळे एरिथ्रोमायसिनसारख्या प्रतिजैविकानं ते मरतात. पण धोका तिथंच आहे. माशांनी टाकलेला अमोनिया पचवणारे उपकारक जिवाणूही त्यात दगावू शकतात. शिवाय मेलेली साय कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवते आणि मासे गुदमरतात.

म्हणून आधी साधे उपाय करा. नळीनं साय ओढून काढा आणि त्याच वेळी १० ते २० टक्के पाणी बदला. नव्या पाण्यासाठी नळाऐवजी आरओचं पाणी घेऊन त्यात मत्स्यालयाचं मीठ मिसळा. खाद्य दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच घाला. उरलेलं कुजलं की नायट्रेट, फॉस्फेट वाढतात आणि साय त्यावरच पोसते. पाणी जिथं संथ असतं, तिकडे पंपाचं तोंड वळवा.

याला काही आठवडे लागतात. त्यानंतरही औषध घालायचंच, तर साय आधी काढा आणि हवेचा पंप रात्रंदिवस चालू ठेवा.