मोहाचे दिवस आणि ईस्टर

ईस्टरच्या सुमारास गोंदिया जिल्ह्यातील गावे पाहायला येणारे बंधुभगिनी एक प्रश्न हमखास विचारतात: सकाळी टोल्यावर माणूस कसे दिसत नाही, आणि या दिवसांत मुले शाळेत इतकी कमी का? उत्तर एका शब्दाचे आहे. मोह.

मार्चच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत मोहाची फुले पहाटे गळतात. ऊन चढण्याआधी ती वेचली नाहीत तर कोमेजतात किंवा गुरे खातात. म्हणून आई, आजी, मुले अंधारातच टोपल्या घेऊन निघतात. अस्वलालाही मोह आवडतो, त्यामुळे एकटी बाई सहसा जात नाही. मंडळीत मोह म्हटले की दारू आठवते. दारूने घरे मोडतात हे आम्ही पाहतो, ते झाकण्याचे कारण नाही. पण हेच फूल वाळवून विकले की घरात तेल-मीठ येते, टंचाईच्या दिवसांत ते खाल्ले जाते, बियांचे तेल निघते. 2006 च्या वनहक्क कायद्याने अशा गौण वनोपजावर वनात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांची मालकी मान्य केली आहे.

गोंड समाजात जुनी रीत अशी, की रानातले नवे फूल-फळ आधी पेनांना, म्हणजे आपल्या देवांना, अर्पण करायचे आणि मगच तोंडात घालायचे. बायबल वाचणाऱ्याला हे परके वाटू नये. लेवीय 23 मध्ये वल्हांडणाच्या दिवसांत पिकाची पहिली पेंढी याजकाकडे आणण्याची आज्ञा आहे, आणि ती आणेपर्यंत नवे धान्य खायचे नव्हते. पौलानेही उठलेल्या ख्रिस्ताला प्रथमफळ म्हटले ते याच रीतीवरून (1 करिंथ 15).

पौर्णिमेचेही तसेच. ईस्टर म्हणजे 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार. म्हणून 2024 मध्ये तो 31 मार्चला, होळीच्याच आठवड्यात आला, तर 2025 मध्ये 20 एप्रिलला. इकडे वसंताची चाहूल माघ पौर्णिमेलाच लागते. सालेकसा तालुक्यात दरेकसाजवळ कचारगडच्या गुहेत तेव्हा गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. अनेक राज्यांतून लोक येतात, सप्तरंगी ध्वज घेऊन डोंगर चढतात, एकमेकांना ‘जय सेवा’ म्हणतात. मग फाल्गुनात पळस फुलतो, पोरे शेणाच्या चाकोल्या ओवतात आणि शिमगा पेटतो.

कचारगडच्या कथेची रूपे अनेक आहेत. एक असे: गुहेत मुले कोंडली होती, पारी कुपार लिंगोने त्यांना सोडवायचे ठरवले, तोंडावरची शिळा सरकली, आणि त्यात हीरासुका नावाच्या वादकाने जीव गमावला. गुहा, शिळा, बलिदान हे शब्द ऐकताच आपल्यातील काहींना रिकामी कबर आठवते आणि ‘ही तर आपलीच गोष्ट’ असे म्हणण्याचा मोह होतो. माझ्या मते तसे म्हणू नये. ती त्यांच्या पूर्वजांची गोष्ट आहे, आणि सांगणारी आजी ती आपल्या मुलांसाठी सांगते. आपली साक्ष द्यायला दुसऱ्याची गोष्ट उचलावी लागत नाही. शिवाय, जे काही समाजाच्या हातून आधीच गेले आहे, जंगल आणि कित्येक ठिकाणी भाषासुद्धा, त्यात आपण भर घालू नये. ऐकून घ्यावे, विचारले तर आपली सांगावी.

यात्रेला जाणाऱ्या कुटुंबावर नाराज होऊन शिकवणीची मदत थांबवा, असेही कोणी सुचवतात. मदतीला अशी अट लागली की तो सौदा होतो.

मुलांच्या शाळेचा प्रश्न मात्र खरा आहे. परीक्षा आणि मोह एकाच महिन्यात येतात. आईला रागावण्यापेक्षा संध्याकाळी दोन तास शिकवणी घेणे अधिक उपयोगी. झाडाखालचा पाला पेटवण्याऐवजी जाळी बांधली तर वेचणीचा वेळ वाचतो आणि वणवाही टळतो; देणगीतून जाळ्या देता येतील का, जरूर विचार करा.

या हंगामात भेटीला येणार असाल तर दुपारी चारनंतर या. तोवर फुले अंगणात वाळत घातलेली असतात, तेव्हा चपला बाहेर काढून कडेकडेने चाला.