दुधाच्या जीपला शर्यतीचे वेध

खानापूर तालुक्यातील आमच्या परिचयाच्या एका घरी महिंद्रा एमएम ५४० जातीची एक जुनी डिझेल जीप आहे. रोज पहाटे ती दुधाच्या कॅनी घेऊन डेअरीकडे जाते व त्या फेरीवर सहा माणसांचे पोट चालते. गेल्या पावसाळ्यापूर्वी घरातील दोघा तरुण मुलांनी ही जीप चिखलातील हौशी शर्यतीत उतरविण्याचे मनावर घेतले. “फादर, तुम्ही बाबांना जरा सांगा,” अशी गळ त्यांनी आम्हांस घातली. बाबांचा सवाल एकच होता: “ॲक्सल मोडला तर सोमवारचे दूध डोक्यावर नेणार काय?” आम्हांस दोन्ही पक्षांत तथ्य दिसले. म्हणून मिस्त्रींकडे व जुन्या स्पर्धकांकडे चौकशी केली, ती वाचकांपुढे ठेवीत आहो.

या जीपचे कूळ युद्धातले आहे. १९४१ पासून अमेरिकेच्या विलिस कंपनीने सैन्यासाठी जी गाडी बनविली, तिचाच वंश १९४७ पासून महिंद्रांनी आपल्याकडे आणला. चिखलातील स्पर्धा मात्र अलीकडच्या. मलेशियातील रेनफॉरेस्ट चॅलेंज ही स्पर्धा १९९७ सालची; तिची भारतीय आवृत्ती २०१४ साली भर पावसात गोव्यात प्रथम भरली. आमच्या मुलांची शर्यत अगदीच घरगुती. पडीक शेतात दोर बांधून आखलेली वाट, पाच-सहा अडथळे आणि घड्याळ धरून बसलेला एक मनुष्य.

मुलांचा पहिला हट्ट होता जीप उंच करण्याचा. येथेच बहुतेक तरुण फसतात. कमान-पाटे उंच केले की गाडीचा सांगाडा वर जातो. पण खडकावर आपटतो तो डिफरन्शियलचा गोळा ॲक्सलवर असतो, आणि तो जागचा हलत नाही. त्याला उचलतो केवळ मोठा टायर. सुमारे २९ इंचांच्या जागी ३३ इंची टायर घातला तर व्यास चार इंच वाढतो, परंतु गोळा दोनच इंच वर येतो. उलट चाकाचा घेर सुमारे चौदा टक्के वाढल्याने गिअरची ओढ तितकी घटते, ॲक्सलवर ताण वाढतो आणि वेगमापक खऱ्याहून कमी वेग दाखवू लागतो. शिवाय उंच झालेली जीप उतारावर लवकर कलंडते. दोन इंचांसाठी एवढे मोल देणे आम्हांस तरी पटले नाही. मूळ मापाचेच, पण खोल नक्षीचे टायर घेऊन शर्यतीपुरती त्यांतील हवा कमी करावी. टायर पसरतो आणि जमीन धरतो. परतताना हवा पुन्हा भरावी, हे विसरू नये.

दुसरी गोष्ट डिफरन्शियलची. वळणावर आतील व बाहेरील चाक निरनिराळ्या वेगाने फिरावे म्हणून ही योजना असते. पण एक चाक अधांतरी लोंबू लागले की तेच गरगर फिरते व जमिनीवरचे चाक स्वस्थ बसते. पुढचे एक व मागचे विरुद्ध बाजूचे एक अशी दोन चाके उचलली गेली, तर चारही चाकांना जोर देणारी जीपही जागीच अडते. दोन्ही चाके एकत्र जखडणारा लॉकर यावर उपाय आहे. तो आधी मागे बसवावा, कारण पुढे बसविल्यास सुकाणू जड होते. मुलांजवळ तेवढे पैसे नव्हते. ठीकच झाले.

पाण्याचा धोका कमी लेखू नये. तापलेला ॲक्सल गार पाण्यात गेला की आतील हवा आकसते आणि जुन्या सीलांतून पाणी ओढले जाते. तेल ताकासारखे पांढरे होते. हवा खेळण्याच्या छिद्राला रबरी नळी लावून ती बॉनेटपर्यंत वर न्यावी. खर्च नाममात्र आहे. इंजिनाच्या हवेच्या वाटेने मात्र पाणी शिरले तर ते दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग दुधाचा हिशेब खरोखरच संपला!

परंतु या सर्वांआधी जुने ब्रेक, सुकाणूचे सांधे व सीटचे पट्टे यांवर पैसा खर्चावा, आणि डोक्यावर पोलादी पिंजरा हवा. तो पत्र्याला नुसता जोडून भागत नाही. खालून जाड पट्ट्या देऊन बोल्टांनी आवळावा लागतो. पट्टा न बांधता पिंजऱ्यात बसणे म्हणजे स्वतःच पिंजऱ्यावर आपटणे होय. दोर ताणला असता त्याच्या आसपास कोणी उभे राहू नये. तो तुटला तर चाबकासारखा येतो. दोरावर ओले पोते टाकण्याची रीत आहे, ती चांगली.

मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमान्वये नोंदणीतील तपशिलाशी विसंगत बदल करण्यास मनाई आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच कटाक्ष दाखविला. म्हणून पूर्ण शर्यतीसाठी बदललेल्या जीपा बहुधा ट्रकवरून नेतात. आमच्या जीपला तर सोमवारी रस्त्यावर यायचेच होते.

अखेर बाबांनी अट घातली: जे रविवारी लावाल ते रविवारीच उतरवाल. पिंजरा शेतातच बसविला गेला. तिसऱ्या अडथळ्यावर जीप रुतली, दुसऱ्या स्पर्धकाच्या विंचने निघाली, आणि क्रमांक आला नाही. सोमवारी पहाटे कॅनी वेळेवर डेअरीत पोहोचल्या. मागच्या फळीवरचा चिखल तेवढा धुवायचा राहिला होता.