टिपणं ढीगभर, पण उत्तर कुठं आहे?

परीक्षा दोन महिन्यांवर आली आहे. टेबलावर झेरॉक्सचे गठ्ठे, वाचनालयातली पुस्तकं आणि वह्यांचा ढीग. एका वहीवर 'मराठी', दुसरीवर 'बंगाली', तिसरीवर 'गुजराती'. मेहनत कमी नाही, पण हवी ती गोष्ट वेळेवर सापडेल तर शपथ! तुलनात्मक साहित्य हा विषय घेतलेल्या अनेकांचा हा अनुभव असेल.

माझाही होता. मुलगी शाळेत जाऊ लागली, तसं अर्धवट राहिलेलं एम. ए. मी पुन्हा हाती घेतलं. पहिल्याच वर्षी प्रश्न आला, भारतीय भाषांतल्या सुरुवातीच्या कादंबऱ्यांची तुलना करा. चार भाषांची माहिती एकाखाली एक लिहून मी खुशीत घरी आले. निकालात मात्र त्या पेपरात जेमतेम पास! घरकाम उरकून रात्री जागून केलेला अभ्यास असा वाया गेलेला पाहून रडूच आलं. मग चूक ध्यानात आली. उत्तरात माहिती होती, तुलना नव्हती. असणार कशी? माझ्या वह्यांतच ती नव्हती.

वही भाषेची नको, प्रश्नाची हवी

मी एक आडवा कागद घेऊन चार रकाने आखले. बाबा पदमनजींची मराठी 'यमुनापर्यटन' (१८५७), बंकिमचंद्रांची बंगाली 'दुर्गेशनंदिनी' (१८६५), नंदशंकर मेहतांची गुजराती 'करणघेलो' (१८६६) आणि चंदू मेनन यांची मल्याळम 'इंदुलेखा' (१८८९). शेजारी शेजारी ठेवताच चित्र स्पष्ट झालं. पहिलीत विधवांची दुःखं, चौथीत शिकलेल्या मुलीचा स्वतःचा वर निवडण्याचा हट्ट. मधल्या दोघी मात्र इतिहासाकडे वळलेल्या. असं का झालं असावं, हा विचार सुरू झाला की उत्तर आपोआप उभं राहतं.

पाच कप्पे करा

मिसळणाच्या डब्यासारखे फाइलमध्ये पाच कप्पे करा.

१. विचार : गटेची १८२७ मधली विश्वसाहित्याची कल्पना, रवींद्रनाथांचं १९०७ मधलं त्याच विषयावरचं भाषण, रेने वेलेक यांनी १९५८ मध्ये केलेली टीका. जुना फ्रेंच संप्रदाय प्रत्यक्ष संपर्काचा पुरावा मागतो, तर अमेरिकन संप्रदाय संपर्काविनाही साम्य शोधतो, हा फरक इथंच लिहा.

२. प्रभाव : कोणी कोणाकडून काय घेतलं.

३. साहित्यप्रकार : कादंबरी, नाटक, महाकाव्य.

४. आशयसूत्र : उदाहरणार्थ, म्हातारपण किंवा स्थलांतर.

५. भाषांतर-रूपांतर : आगरकरांनी 'हॅम्लेट'चं 'विकारविलसित' केलं, तर देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव'.

एखादी कृती दोन कप्प्यांत बसेल. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'चं 'किंग लिअर'शी नातं प्रभावातही येतं आणि म्हातारपणाच्या सूत्रातही. अशा वेळी टिपण पुन्हा लिहू नका. दुसऱ्या कप्प्यात फक्त 'पाहा' असा निर्देश करा.

एका कृतीला एक कार्ड

पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर कृतीचं नाव, लेखक, भाषा, साल आणि चार ओळींत आशय लिहा. खाली 'कोणाशी जोडता येईल?' ही ओळ हवीच. समीक्षकाचं मत निळ्या शाईनं पुस्तकाच्या पृष्ठक्रमांकासह आणि स्वतःचं मत हिरव्या शाईनं लिहा. नाहीतर काही दिवसांनी उसनं कोणतं नि आपलं कोणतं, हेच कळेनासं होतं.

नेट परीक्षेला बसणार असाल, तर सालांची एक लांब पट्टी भिंतीवर चिकटवा. तिथं दुसऱ्या पेपरात शंभर बहुपर्यायी प्रश्न असतात. कालक्रम लावताना आणि जोड्या जुळवताना ही पट्टी आठवते.

रविवारची परीक्षा

दर रविवारी डोळे मिटून दोन कार्डं उचला. पंधरा मिनिटांत तीन साम्यं, दोन भेद आणि एक कारण लिहा. कारण सुचलं नाही, तर तिथं वाचन कमी पडलं आहे असं समजा.

आमच्याकडे कार्डं उचलायचं काम मुलीनं आवडीनं केलं. पुढच्या वर्षी मी पुन्हा त्याच पेपरला बसले. टिपणं पहिल्यापेक्षा निम्मी होती, पण या खेपेला पेन कुठं अडलं नाही आणि गुणही चांगले पडले. तेव्हा आज नवं पुस्तक उघडण्याआधी जुन्या वह्या उघडा. तुमची अर्धी तयारी कदाचित तिथंच विखुरलेली असेल.