दुर्लक्ष हे अर्धंच औषध

हट्टी मुलाच्या आईवडिलांना आपल्याकडे हमखास मिळणारा सल्ला एकच असतो: ‘तिकडे लक्षच देऊ नका, रडून रडून आपोआप गप्प बसेल.’ शेजारीपाजारी, नातलग, कधी शाळेतल्या बाईसुद्धा हेच सांगतात. या सल्ल्याला शास्त्राचा आधार आहे. ज्या वागण्यातून काही पदरात पडतं ते टिकतं आणि पदरात पडेनासं झालं की ते विरत जातं, हे बी. एफ. स्किनर यांनी १९३० च्या दशकात प्रयोगशाळेतल्या उंदरांवर दाखवलं. वागण्याला असं बळ मिळण्याला मानसशास्त्रात प्रबलन म्हणतात आणि ते बळ तुटल्यावर वागणं विरत जाण्याला विलोपन. पण प्रयोगशाळेतून घराघरांत पोचताना या ज्ञानाचा अर्धा भाग वाटेतच राहिला. नको असलेल्या वागण्याचं फळ काढून घ्यायचं आणि त्याच वेळी हव्या असलेल्या वागण्याला ते भरभरून द्यायचं, अशी ही जोडी आहे. या जोडीला निवडक प्रबलन म्हणता येईल. औषधाचा गुण आहे तो मुख्यतः या दुसऱ्या भागात. पहिला भाग एकटाच दिला तर तो पुष्कळदा लागू पडत नाही, कधीकधी क्रूरही ठरतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुर्लक्षाच्या बाजूने नेहमी दिला जाणारा दाखला १९५९ चा आहे. सी. डी. विल्यम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने एका २१ महिन्यांच्या मुलाची हकीकत जेमतेम एका पानात छापली. आयुष्याचे पहिले १८ महिने हे मूल बरंचसं गंभीर आजारी होतं. आजार गेला, पण झोप लागेपर्यंत मोठ्यांनी खोलीत बसायचं हा नियम राहिला. अर्धा तास, कधी दोन तास. बसल्या बसल्या कुणी वाचायला घेतलं तरी रडणं सुरू. मग ठरलं की मुलाला निवांतपणे, प्रेमाने निजवायचं, हसून निरोप घ्यायचा, दार ओढायचं आणि परत यायचं नाही. पहिल्या वेळी ते ४५ मिनिटं रडलं. दहाव्या वेळेपर्यंत कुरकुरही उरली नव्हती. मोठे खोलीबाहेर जाताना मूल हसत होतं. साधारण आठवड्याने घरातल्या दुसऱ्या एका नातलग बाईने त्याला निजवलं तेव्हा ते पुन्हा रडलं. तिला राहवलं नाही, ती परत जाऊन बसली, आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं. दुसऱ्या खेपेलाही नवव्या वेळेपर्यंत रडणं शून्यावर आलं आणि पुढची दोन वर्षं निजतानाचा तो आकांत परतला नाही. या पानातून लोकांनी ‘४५ मिनिटं रडू द्या’ एवढंच उचललं. प्रेमाने निजवणं सुटलं नव्हतं, हे मात्र वगळलं. शिवाय आजारपणात मोठ्यांना बोलावण्यासाठी रडणं हे त्या मुलाच्या दृष्टीने अगदी बरोबर होतं. गरज सरली तरी सवय राहिली, एवढाच त्याचा दोष.

त्या नातलग बाईला राहवलं नाही, यातच बहुतेक घरांतल्या अडचणीचं मूळ आहे. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात जेराल्ड पॅटरसन यांनी घरोघरच्या अशा कुरबुरी वर्षानुवर्षं बारकाईने टिपल्या. त्यांना दिसलं ते असं: मूल ओरडतं, आई नमते, मुलाला हवं ते मिळतं, पण आईलाही काही मिळतं, ते म्हणजे शांतता. दोघांच्याही वागण्याला एकाच क्षणी बळ मिळतं. म्हणून ‘आई कडक नाही’ हा शेरा निरर्थक आहे. तीही त्याच नियमाने बांधलेली आहे. आणि बहुतेक घरांत नमणं रोजचं नसतं, चार वेळा नाही आणि पाचव्या वेळी हो, असं असतं. फर्स्टर आणि स्किनर यांच्या १९५७ च्या ग्रंथापासून हे ठाऊक आहे की अधूनमधून मिळणाऱ्या फळावर पोसलेलं वागणं सर्वांत चिवट असतं. त्यातच फळ अचानक बंद झालं की वागणं विरण्याआधी काही काळ उसळी घेतं: आवाज चढतो, हातपाय आपटले जातात. नेमक्या या उसळीच्या वेळी मोठे नमले, तर मुलाला धडा मिळतो की पूर्वीइतकं ओरडून भागत नाही, आता अधिक हवं. डोरोथिया लर्मन आणि ब्रायन इवाटा यांनी १९९५ साली अशा ११३ प्रकरणांच्या नोंदी तपासल्या. उसळी दिसली ती २४ टक्के प्रकरणांत. पण जिथे नुसतं विलोपन वापरलं होतं तिथे हे प्रमाण ३६ टक्के होतं, आणि जिथे सोबत दुसरा काही उपाय होता तिथे फक्त १२. म्हणजे दुसरी वाट उघडी असली की पहिली बंद झाल्याचा संताप कमी होतो.

याहून बोलका पुरावा वर्गातला आहे. १९६८ साली मॅडसेन, बेकर आणि थॉमस यांनी प्राथमिक शाळेतल्या दोन वर्गांत तीन उपद्रवी मुलांवर एकेक उपाय क्रमाक्रमाने लावून पाहिला. वर्गाचे नियम ठरवून ते वारंवार सांगितले. फारसा फरक पडला नाही. मग बाईंनी नियमांसोबत खोडीकडे दुर्लक्ष करायला घेतलं. तरीही वर्ग सुधारला नाही. नीट बसलेल्या, काम करत असलेल्या मुलाची दखल घेणं त्यात आलं तेव्हाच चित्र पालटलं. खोड्या काढणाऱ्या मुलाने क्षणभर वही उघडली तर तो क्षण पकडायचा, हे बाईंना शिकवावं लागलं, कारण आपली सवय नेमकी उलटी असते. मूल शांत खेळत असतं तेव्हा आपण सुटकेचा निःश्वास टाकून स्वयंपाकाला लागतो किंवा फोन हातात घेतो, आणि ते भांडं आपटतं तेव्हा धावतो. त्याच संशोधकांनी पहिलीच्या एका वर्गात पाहिलं की ‘खाली बस’ हे जितक्या जास्त वेळा म्हटलं गेलं तितकी मुलं जास्त उभी राहिली, आणि बसलेल्यांचं कौतुक झालं की उभं राहणं घटलं. रागावणं हेसुद्धा लक्ष देणंच असतं.

मात्र प्रत्येक मूल लक्षासाठीच त्रास देतं, हे गृहीतच धोक्याचं आहे. इवाटा आणि सहकाऱ्यांनी १९८२ साली बाल्टिमोरमध्ये स्वतःला इजा करून घेणाऱ्या नऊ मतिमंद मुलांना वेगवेगळ्या परिस्थितींत ठेवून पाहिलं: इजा केल्यावर मोठे काळजीने बोलतात अशी, अवघड काम दिलं जातं अशी, मूल एकटं असतं अशी, नुसता खेळ असतो अशी. नऊपैकी सहा मुलांत इजेचं प्रमाण ठरावीक परिस्थितीतच वाढलं, आणि ती परिस्थिती प्रत्येकाची सारखी नव्हती. कुणाला लक्ष हवं होतं, कुणाला कामातून सुटका. आता सुटका हवी असलेल्या मुलाकडे दुर्लक्ष केलं, किंवा त्याला वर्गाबाहेर उभं केलं, तर शिक्षेच्या नावाखाली आपण त्याला हवं तेच देतो. वर्गाबाहेर उभं करूनही तोच मुलगा आठवड्यातून तीनदा बाहेर दिसत असेल, तर शाळेने या अंगाने विचार केला पाहिजे. १९८५ साली कार आणि ड्युरँड यांनी यापुढचं पाऊल टाकलं. ज्यांना काम अवघड जात होतं त्यांना ‘मला हे समजत नाही’ अशा अर्थाचं, आणि ज्यांना दखल हवी होती त्यांना ‘माझं काम बरोबर चाललंय का’ अशा अर्थाचं वाक्य शिकवलं. ज्याची जी गरज तेच वाक्य मिळालं तेव्हा त्रास झपाट्याने कमी झाला. वाक्य चुकीचं दिलं तर नाही. ओरडणं हा बोलण्याचाच एक वाईट मार्ग होता, बोलण्याचा सोपा मार्ग मिळताच तो मागे पडला.

या सगळ्या पद्धतीवर आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. पहिला, ही लाचच झाली. पण लाच दिली जाते ती रडणं चालू असताना, ते थांबावं म्हणून. इथे देणं येतं चांगल्या वागण्यानंतर, आणि ते बहुधा चॉकलेट नसून मूल ज्याच्यासाठी धडपडत होतं तीच दखल असते. तरीही या आक्षेपात तथ्य आहे. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ साली दाखवलं की आवडीने चित्रं काढणाऱ्या मुलांना आधी बक्षीस कबूल केलं तर पुढे त्यांचा चित्रांतला रस घटतो. मूल जे आपखुशीने करतं त्यावर बक्षिसाची चिठ्ठी डकवू नये. दुसरा आक्षेप क्रौर्याचा. लोव्हास आणि सिमन्स यांच्या १९६९ च्या अभ्यासात एका मुलाने दुर्लक्ष सुरू झाल्यावर, थांबण्याआधी, स्वतःला हजारो वेळा मारून घेतलं. अशा ठिकाणी नुसतं विलोपन वापरणं मला समर्थनीय वाटत नाही, आणि जाणकार व्यक्तीच्या देखरेखीशिवाय तर मुळीच नाही. तिसरा आक्षेप लहानपणी अशा उपायांतून गेलेल्या स्वमग्न (ऑटिस्टिक) प्रौढांचा आहे: आमचं हात हलवणं, डुलणं कुणालाच इजा करत नव्हतं, तरी ते दाबलं गेलं. लोव्हास यांच्या स्वमग्न मुलांसाठीच्या जुन्या पद्धतीत थपडा आणि विजेचे धक्केही होते, हे लक्षात घेतलं तर हा राग समजतो. कोणतं वागणं बदलायचं हे तंत्र ठरवत नाही, मोठे ठरवतात. तिथली चूक तंत्राने भरून निघत नाही. मुलाला किंवा दुसऱ्याला इजा होत नसेल, त्याचं शिकणं अडत नसेल, तर बदलण्याची गरज मोठ्यांच्या संकोचातून आलेली असते.

उरते ती व्यवहारातली अडचण, आणि ती आपल्या भरल्या घरांत जास्त आहे. आई नाही म्हणते, बाबा गप्प राहतात, आजी लाडू हातावर ठेवते. आजीला दोष देऊन काही होत नाही. तिला मनाई करण्याऐवजी लाडू कधी द्यायचा तेवढं सांगितलं तर ती या घरातली सर्वांत उत्तम मदतनीस ठरते, कारण द्यायला तिच्याकडे वेळ आहे. आणि मागायला शिकलेलं मूल दर मिनिटाला मागू लागतं, तेव्हा लगेच ‘नंतर’ म्हणून तोंड फिरवलं तर नवं बोलणं मरतं आणि जुनं ओरडणं परत येतं. म्हणून थांबणंही शिकवावं लागतं, आणि तेही अगदी थोड्यापासून. सुरुवातीला पाच सेकंद पुरतात. ‘एवढी पोळी उलटते आणि येते,’ असं म्हणायचं, पोळी उलटायची, आणि दुसरी लाटायला न घेता खरोखर यायचं.